फुंक दाखवता येत नाही

तबला शिकवणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. त्यांचा हात विद्यार्थ्याला दिसतो. बोट कुठं पडतं, मनगट किती वळतं, 'ना' किनारीवर कसा वाजतो, सगळं डोळ्यांसमोर. पेटीवर तर स्वर पट्ट्यांवर मांडूनच ठेवलेले. बासरी शिकवणाऱ्याकडं दाखवण्यासारखं असतं ते फक्त बोटांचं काम, आणि नेमकं तेच त्यातल्या त्यात सोपं. अवघड ते ओठांच्या मागं आणि बरगड्यांच्या आत चाललेलं असतं. ते विद्यार्थ्याच्या तोंडात शिरून मला बघता येत नाही आणि माझं त्याला दाखवता येत नाही.

मी डोंबिवलीत बासरीचे वर्ग घेते. दुपारी शाळेची मुलं, रात्री आठनंतर लोकलमधून धक्के खाऊन आलेली मोठी माणसं. बँकेतले, आयटीतले, एक-दोन गृहिणी, काही निवृत्त काका. पेटी शिकायला येणारा आधी विचारून येतो, तबला शिकायला येणारा तर हात जोडूनच येतो. बासरीवाला मात्र बासरी विकत घेऊनच येतो. स्वस्त वाद्य म्हणजे सोपं वाद्य, असा आपल्याकडं एक पक्का समज आहे. त्यात श्रीकृष्णाची भर. गाई राखता राखता जे वाजवता येतं त्याला शिकायचं ते काय! (कॅलेंडरवरच्या कृष्णाची बोटं कधी नीट बघा. बहुतेक चित्रांत ती भोकांवर नसतातच.)

पहिल्या दिवशी पिशवीतून काय निघेल ते सांगता येत नाही. जत्रेतली बासरी निघते. तिच्यावर विक्रेत्याने सिनेमातलं गाणं इतकं सुरेख वाजवलेलं असतं की घेणाऱ्याला वाटतं, यात गाणं आहेच, आपण फक्त फुंकायचं. विक्रेता वाजवतो ती त्याची स्वतःची, निवडून ठेवलेली. आपल्याला देतो ती गठ्ठ्यातली. देवघरातली बासरी निघते, मोरपीस आणि गोंडे लावलेली, कुणीतरी वास्तूसाठी भेट दिलेली. तिच्या भोकांत कधीकधी कुंकू असतं. ऑनलाइन मागवलेली 'प्रोफेशनल' बासरी निघते, मखमली पिशवीसकट. आणि बासरीवादक हरिप्रसाद चौरसियांची मैफल ऐकून भारावलेला एखादा थेट पांढरी तीनची बेस बासरी घेऊन उभा राहतो, अडीच फूट लांब, काही हजार मोजून.

सगळ्यात वाईट मला या शेवटच्याचं वाटतं, कारण त्याने खरोखर चांगली वस्तू घेतलेली असते. पन्नालाल घोष (१९११-१९६०) यांच्या आधी हिंदुस्थानी संगीतात बासरी हे प्रामुख्याने लोकसंगीताचं आणि साथीचं वाद्य होतं, आकाराने लहान, आवाजाने पातळ. ख्यालगायकीचं गांभीर्य तिच्यात यावं म्हणून त्यांनी लांब बासरीचे प्रयोग केले, बत्तीस इंचांपर्यंत गेले. आज मैफलीत जो घनगंभीर आवाज ऐकू येतो तो त्या लांबीचा आहे. पण लांबी वाढली की भोकांमधलं अंतर वाढतं, भोकं मोठी होतात, बोटं ताणावी लागतात. चाळिशीतल्या माणसाची अनामिका, जिने आजवर अंगठी घालण्यापलीकडं काही केलेलं नसतं, तिला आठवड्याभरात हे कसं जमावं? मी त्यांना दीड फुटाच्या आसपासची, सी नॅचरल मीडियम म्हणतात ती बासरी हातात देते आणि मोठी कपाटात ठेवायला सांगते. चेहरा पडतो. काही जण ऐकतात.

जत्रेतल्या बासरीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण "बासरी ती बासरी, त्यात काय एवढं" हे मी सतत ऐकते. बांबू हा कारखान्यातला पाइप नव्हे. प्रत्येक कांड्याची पोकळी, भिंतीची जाडी, किंचितसा बाक वेगळा. घाऊक माल करणारा एकाच मापाने खुणा करून सगळ्यांना भोकं पाडतो. चांगला कारागीर आसामकडून येणारा पातळ भिंतीचा, लांब पेराचा बांबू निवडतो, तो नीट वाळू देतो, तापलेल्या सळईने भोक आधी थोडं लहान पाडतो, फुंकून सूर तपासतो आणि मग जरा जरा मोठं करत नेतो. एकदा भोक मोठं झालं की परत लहान करणं नाही. म्हणून सुरेल बासरीची किंमत असते ती बांबूची नव्हे, फुकट गेलेल्या बांबूंची. उत्तर प्रदेशातल्या पिलीभीतमध्ये हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं. मुंबई-पुण्यातही मोजके कारागीर आहेत.

आता फुंकेकडं येते.

पहिले काही दिवस मी भोकांना हातच लावू देत नाही. बासरी आडवी धरायची, वरचं तोंडाचं भोक खालच्या ओठाशी टेकवायचं, आणि फुंकायचं. नव्वद टक्के लोक गरम चहावर फुंकर घालावी तसे फुंकतात, गाल फुगवून, सगळ्या तोंडाने. त्यातून फक्त वारा येतो. हवेची पट्टी अरुंद हवी, ओठांच्या मधोमध निघणारी, आणि ती भोकाच्या पलीकडच्या कडेवर आपटायला हवी. तिथं ती चिरली जाते, थोडी आत, थोडी बाहेर, आणि नळीतली हवा कंप पावू लागते. शेहनाईला पत्ती असते, पेटीला सूर असतात, बासरीला तसलं काहीच नाही. पत्ती म्हणजे तुमचेच ओठ. ही वाक्यं मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते आणि त्यांचा उपयोग शून्य होतो. मग केव्हातरी, बहुधा कंटाळून, अंग सैल सोडल्यावर, एक स्वच्छ सूर निघतो. माणूस इतका दचकतो की सूर लगेच बंद पडतो.

दुसऱ्या दिवशी फोन येतो. "मॅडम, काल वाजत होती, आज वाजत नाहीये. बासरी बिघडली का?" बासरी बिघडत नाही. काल ओठ चुकून जागेवर पडले होते, आज ते चुकणं पुन्हा जमत नाही. हे चुकणं सवयीचं करणं म्हणजेच पहिल्या काही महिन्यांचं शिक्षण. त्यात मी काय करते? ऐकते. "आता जवळ आलास", "हे लांब गेलं", "जरा बाहेर वळव". एवढंच.

सूर निघत नाही म्हटल्यावर माणूस पहिली गोष्ट करतो ती जोर लावण्याची. आणि बासरीवर जोराचं फळ उलटं मिळतं. सहाही भोकं बंद करून हळुवार, स्थिर फुंक दिली तर मंद्र पंचम लागतो. तीच बोटं तशीच ठेवून फुंक बारीक आणि वेगवान केली की मध्य सप्तकातला पंचम. म्हणजे खाली उतरायचं तर सोडून द्यावं लागतं. नवशिक्या नेमका खाली उतरताना दम लावतो, सूर उडी मारून वर जातो, तो आणखी जोर लावतो. मग डोकं गरगरतं. पहिल्या आठवड्यात गरगरणं नेहमीचंच आहे. मी सगळ्यांना बसवूनच वाजवायला लावते आणि मध्ये थांबवते.

पालक मला सांगतात, पन्नालाल घोष मुष्टियोद्धे होते, हरिप्रसाद चौरसियांचे वडील पैलवान, तेही लहानपणी आखाड्यात उतरलेले. मग दम नको का? हवा ना. पण तो दम फुंकण्यासाठी नाही, रोखण्यासाठी. छातीत भरलेली हवा एकदम सुटू न देता थेंबाथेंबाने सोडायला ताकद लागते. जोरात फुंकायला ती कशाला हवी?

मंडळी दम्याचा विषयही काढतात. "बासरीने दमा बरा होतो म्हणे?" मी डॉक्टर नाही. श्वासाकडं लक्ष जातं, एवढं मी खात्रीने सांगेन. इनहेलर बंद करून माझ्याकडं येणाऱ्याला मी शिकवत नाही.

दातांचं मात्र मला अनुभवाने कळलंय. दातांना तारा लावल्या की मुलांचा सूर हरवतो, कारण ओठ पुढं ढकलला जातो. तारा काढल्या की परत हरवतो. एक निवृत्त मोटरमन काका आहेत. चांगले वाजवायला लागले होते, आणि त्यांनी वरची कवळी बसवली. पुन्हा पहिल्या दिवसापासून वारा. कवळी काढून वाजवून बघितलं, तेही जमेना. मला वाटलं, आता सोडतील. ते म्हणाले, "बाई, मोटरमन होतो, थांबायची सवय आहे." ते अजून येतात.

ऐकण्याचं सांगत होते. पुष्कळदा मी विद्यार्थ्याकडं पाठ करून बसते. डोळ्यांना बोटं भोकांवर ठेवलेली दिसतात आणि सगळं ठीक वाटतं. कानाला गळती कळते. मंद्र पंचम खरखरला की बहुधा सगळ्यात खालचं भोक उघडं राहिलेलं असतं. धैवत डळमळला की त्याच्या वरचं. सा लागला, पण घशात काही अडकल्यासारखा आला, तर बोटं बरोबर आहेत आणि माणूस बासरी आवळून धरतोय. लहान मुलांना ही जादू वाटते. "तुम्ही न बघता कसं ओळखलं?" बघत नव्हते म्हणूनच, मी सांगते.

सूर ठरला की बोटं. वरची तीन भोकं बंद केली की सा. एक बोट उचललं की रे, आणखी एक उचललं की ग. इथपर्यंत मजेत जातं. मग शाळेत सा रे ग म शिकलेलं पोर विचारतं, "टीचर, म कुठं गेला?" कारण मी त्याला ग वरून थेट प वर नेलेलं असतं. सगळी भोकं उघडली की तीव्र मध्यम वाजतो. शुद्ध मध्यमासाठी सगळ्यात वरचं भोक अर्धंच झाकावं लागतं, आणि अर्धं म्हणजे किती हे कानाशिवाय कुणी सांगू शकत नाही. म्हणून पेटीच्या वर्गात बिलावलची सरगम पहिल्या दिवशी आली तरी माझ्या वर्गात भूप पहिला. सा रे ग प ध, कुठंच अर्धं भोक नाही. त्यानंतर यमन, कारण त्यातला तीव्र मध्यम मोकळ्या भोकांत आयताच मिळतो.

आयता, पण फुकट नव्हे. सहाही बोटं उचलली की बासरी फक्त ओठ, अंगठे आणि करंगळीच्या आधाराने राहते. पडेल या भीतीने माणूस हनुवटी दाबतो आणि फुंक बिघडते. त्यातून तीव्र म वरून प वर जायचं म्हणजे सहा बोटं एका क्षणी खाली आणि त्याच क्षणी फुंक बदललेली. एखादं बोट केसभर उशिरा पडलं तरी मध्येच नको तो सूर चमकतो. पन्नालालजींनी टोकाला जे सातवं भोक जोडलं ते याच दुखण्यावर. करंगळीने ते झाकलं की पंचमाच्या शेजारीच तीव्र मध्यम मिळतो, मींड घेता येते. नवशिक्याला त्या भोकाची गरज नाही. पण यमनात म प करताना सगळा वर्ग घसरत असतो, तेव्हा मी ही गोष्ट सांगते. एवढ्या मोठ्या वादकालाही हा उंबरठा टोचला होता, हे ऐकून माणसं जरा सैल होतात.

गाण्यांची घाई हा वेगळा अध्याय. १९८३ च्या 'हीरो' सिनेमातली बासरीची धून, ज्यांचा जन्म त्यानंतर वीस वर्षांनी झाला त्या मुलांनाही हवी असते. माझी हरकत धुनेला नाही. मोबाइलवर 'ग रे सा, ग प' असा अक्षरांचा कागद मिळतो, मुलं तो समोर ठेवून त्या क्रमाने बोटं हलवतात आणि ऐकत नाहीत, याला आहे. बोटं बरोबर, सूर पाव पडदा खाली, आणि चेहऱ्यावर समाधान. व्हिडिओवरून शिकून आलेले असे बरेच येतात. त्यांची बोटं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपेक्षा चपळ असतात. तानपुरा लावून नुसता सा धरायला सांगितला की हैराण होतात. व्हिडिओ वाईट नसतात, काही तर फार नीट समजावतात. पण ते बोलतात, तुमचं ऐकत नाहीत.

ऐकण्याचं मोल २०२० साली टाळेबंदीत नीट कळलं. वर्ग ऑनलाइन सुरू केले. मूल सा लावायचं, दोन सेकंद ऐकू यायचा आणि मग शांतता. आधी वाटलं, नेट गेलं. मग लक्षात आलं, ॲपमधली गोंगाट कमी करणारी सोय लांब, स्थिर सुराला पंख्याचा आवाज समजून कापत होती. मूल जितकं उत्तम धरेल तितक्या लवकर गायब! ती सोय बंद करायला शिकलो आणि काम चाललं, पण ओठांची फट, मानेचा कल, खोलीत पसरणारा सूर यातलं काही तारेतून येत नव्हतं.

त्या काळात मला अन्नपूर्णादेवींचा विचार वारंवार यायचा. त्या सूरबहार वाजवायच्या. तरीही हरिप्रसाद चौरसिया आणि नित्यानंद हळदीपूर या बासरीवादकांना घडवलं त्यांनीच. अन्नपूर्णादेवींचे वडील उस्ताद अल्लाउद्दीन खाँ सरोदिये; पन्नालाल घोष १९४७ मध्ये त्यांच्याकडं शिकायला गेले. म्हणजे आपल्या बासरीतली ही मोठी नावं ज्यांच्याकडं मोठी झाली, त्यांचं वाद्य बासरी नव्हतंच. हरिप्रसादजी तर आकाशवाणीत नोकरी केलेले, नाव झालेले वादक म्हणून अन्नपूर्णादेवींकडं गेले आणि उजवीकडं धरायची बासरी डावीकडं धरून नव्याने शिकले. (सहा भोकांची बासरी दोन्ही बाजूंनी सारखीच वाजते, त्यामुळे डावखुऱ्या मुलांच्या आयांनी काळजी करू नये.) अर्थात भोलानाथ प्रसन्ना यांच्याकडून फुंक त्यांना आधीच मिळाली होती. फुंक बसवायला बासरीवाला लागतोच. पण त्यापुढं शिकवणारा विद्यार्थ्याला जे देतो ते कानाने देतो. मला दाखवता येत नाही याची खंत त्यानंतर बरीच कमी झाली.

रियाज कुठं करायचा, हा प्रश्न कुठल्या पुस्तकात नसतो. वन बीएचकेमध्ये रात्री दहाला खर्ज लावला तरी शेजारच्याची भिंत बोलते. एक जण सोसायटीत लावलेल्या गाडीत, काचा वर करून वाजवतो. एक मुलगी गच्चीवर जायची, तिथं पाण्याच्या टाक्यांमुळे सूर घुमतो म्हणून तिला आपण फार छान वाजवतो असं वाटू लागलं. मी तिला मुद्दाम पडदे असलेल्या खोलीत वाजवायला लावलं. थंडीच्या सकाळी बासरी उतरते, पेटीबरोबर वाजवताना चटकन कळतं. पाच मिनिटं फुंकून तिला तापवावं लागतं. कोरड्या हवेत बांबू तडकतो, म्हणून दोरा गुंडाळलेली असावी आणि आतून अधूनमधून तेलाचा हात द्यावा. गाडीच्या डॅशबोर्डवर तर चुकूनही ठेवू नये.

परीक्षांबद्दल थोडक्यात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मी देववते. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे आठवीत अचानक गर्दी होते. काही त्या निमित्ताने खरंच शिकतात. बाकीचे दहावीनंतर दिसत नाहीत आणि मला त्याचं फार वाईटही वाटत नाही.

मोठी माणसं सोडून जातात त्याचं वाटतं. पावसाळ्यात उत्साहाने आलेल्यांतले निम्मे दिवाळीनंतर फिरकत नाहीत. कारण वेळेचं सांगतात. मला वाटतं, कारण वेगळं आहे. पंचेचाळीस वर्षांचा माणूस कचेरीत हुशार असतो, दहा जण त्याचं ऐकतात. इथं बारा वर्षांच्या पोरीसमोर त्याच्या बासरीतून नुसता वारा येतो. असं काही न येणारा माणूस होण्याची सवय त्याला राहिलेली नसते. मुलांना ती रोजचीच, म्हणून मुलं टिकतात. यावर तोडगा म्हणून मी मोठ्यांचा आणि मुलांचा शनिवारचा वर्गही वेगळा केला होता. त्याने काही फरक पडला नाही, उलट मोठे एकमेकांना कारणं सुचवू लागले. आता शनिवारी सगळे एकत्र बसतात. पोरं काकांना सांगतात, "खालचं बोट उघडंय तुमचं." काका ऐकतात.

गुरुपौर्णिमेच्या सुमारास नवा वर्ग सुरू होतो. येणार असाल तर जरूर या, वयाची अट नाही, गाता येत नसलं तरी चालेल. फक्त येताना बासरी विकत घेऊन येऊ नका. आधी दोन-चार शनिवार मागं बसून ऐका, माझ्याकडच्या बासरीवर फुंकून बघा, तुमची बोटं किती पसरतात ते मला बघू द्या; मग कारागिराकडं आपण मिळून जाऊ.